बाप तिथला, मुलगा इथला

६ ऑक्टोबर १९२७ रोजी न्यू यॉर्कमध्ये ‘द जॅझ सिंगर’ हा चित्रपट लागला. बोलपटांचा इतिहास सांगताना त्याचं नाव हमखास घेतलं जातं, त्यातली गोष्ट मात्र सहसा कुणी सांगत नाही. न्यू यॉर्कच्या लोअर ईस्ट साइड या ज्यू वस्तीतला एक बाप. सिनेगॉगमध्ये प्रार्थना गाण्याचं काम त्याच्या घराण्यात पाच पिढ्या चालत आलेलं. मुलाचा गळा गोड, पण ओढा जॅझकडे. बाप त्याला पट्ट्यानं फोडून काढतो, मुलगा घर सोडतो आणि जेकी रॅबिनोविट्झचा जॅक रॉबिन होतो. पुष्कळ वर्षांनी तो घरी येतो, पियानोवर बसून आईला नवं गाणं ऐकवतो, तिच्याशी लाडीगोडीनं बोलतो. हे बोलणं प्रेक्षकांना खरोखर ऐकू येत असतं आणि त्या काळी तेच मोठं नवल होतं. तेवढ्यात बाप दारात उभा राहतो आणि थांबायचा हुकूम सोडतो. एकच शब्द. त्यानंतर आवाज जातो आणि चित्रपट पुन्हा मुका होतो.

दुसऱ्या मुलखात जाऊन राहिलेला बाप आणि त्या मुलखाचाच होऊन गेलेला मुलगा, हा विषय गेल्या सव्वाशे वर्षांत कादंबऱ्यांनी, चित्रपटांनी आणि समाजशास्त्रानं पुनःपुन्हा हाताळला. बहुतेकांनी निदान एकच केलं: बापाची संस्कृती मुलानं टाकली म्हणून बाप दुःखी. मला हे निदान अपुरं वाटतं. वेगवेगळ्या देशांतली, वेगवेगळ्या धर्मांतली उदाहरणं शेजारी शेजारी ठेवली की एक गोष्ट सगळीकडे सापडते. संस्कृती हातची जाण्याच्या कितीतरी आधी बापलेकांमधलं बोलणं थांबलेलं असतं. ते का थांबतं, याची कारणं मात्र दर ठिकाणी निराळी आहेत आणि दुःखाचा खरा उगम त्या कारणांमध्ये आहे.

लोअर ईस्ट साइडपासूनच सुरुवात करू. १८८१ ते १९२४ या काळात पूर्व युरोपातून वीस लाखांहून अधिक ज्यू अमेरिकेत आले. बाप शिवणकामाच्या कोंदट खोल्यांत अंधार पडेपर्यंत राबत आणि यिडिश बोलत. मुलं सरकारी शाळेत इंग्रजी शिकत. ‘फॉरवर्ट्स’ या यिडिश दैनिकाचे संपादक अब्राहम कहान यांनी १९०६ मध्ये वाचकांच्या घरगुती अडचणींना उत्तरं देणारं सदर सुरू केलं आणि ते पुढे कित्येक दशकं चाललं. त्याच्याही आधी, १९०३ मध्ये, एका बापानं या दैनिकाकडे तक्रार केली होती की मुलांना बुद्धिबळ शिकवावं हे समजू शकतं, पण बेसबॉलसारख्या खुळचट खेळात काय ठेवलंय? कहान यांनी दिलेल्या उत्तराचा आशय असा की मुलांना खुशाल खेळू द्या, अभ्यासात मागं पडणार नाहीत एवढं पाहा, आणि ज्या भूमीत ती जन्मली त्याच भूमीत त्यांना परकं करून वाढवू नका.

या उत्तरात मोठं शहाणपण आहे. बाप परका होता, ती त्याच्यावर आलेली वेळ होती. ते परकेपण मुलाला वारसा म्हणून देणं हा अन्यायच. पण कहान यांचं उत्तर अर्धंच राहिलं. बापानं काय सोडावं हे त्यांनी सांगितलं. बेसबॉल खेळून घरी आलेल्या मुलाशी यिडिशमध्ये काय बोलावं, हे कुणीच सांगितलं नाही. आणि बोलायला वेळ तरी कुठं होता? मुलाचं भविष्य घडवायला बापानं आपले जागेपणीचे सगळे तास कारखान्याला दिले होते. भाषा, गाणी, देवाधर्माची ओढ, वडिलांचे किस्से हे सगळं ज्या तासांतून मुलाकडे जातं, तेच हे तास होते.

याहून करुण कहाणी कॅलिफोर्नियातल्या पंजाबी शेतकऱ्यांची आहे आणि ती आपल्याकडे फारच थोड्यांना ठाऊक आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत पंजाबातले काही हजार शेतकरी आणि माजी सैनिक अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरले. बहुतेक शीख, काही मुसलमान, थोडे हिंदू. तिथले लोक मात्र सगळ्यांना सरसकट ‘हिंदू’ म्हणत. कॅलिफोर्नियाच्या १९१३ च्या कायद्यानं नागरिकत्वाला अपात्र ठरलेल्या परकीयांना शेतजमीन विकत घ्यायला बंदी केली. १९१७ च्या कायद्यानं आशियातून येणाऱ्यांना दार लावून घेतलं, म्हणजे गावाकडून बायको आणण्याची आशा संपली. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं भारतीयांना नागरिकत्व नाकारलं. एका माणसाला पेरणीलायक जमीन, बायको आणि देश या तिन्हींवाचून ठेवायचं कायद्यानं ठरवलं होतं.

मग इंपीरियल व्हॅलीत कापूस पिकवणाऱ्या या माणसांनी मेक्सिकन बायकांशी लग्नं केली. वेगळ्या वर्णाच्या माणसांच्या लग्नाला तिथं बंदी होती, पण दोघांचा रंग एकसारखा दिसतो म्हणून कचेरीतले कारकून परवाना देत. कॅरन लिओनार्ड या अभ्यासिकेनं १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या कुटुंबांची तपशीलवार नोंद केली आहे. मुलांची पहिली नावं स्पॅनिश, आडनाव सिंग किंवा खान. बाप्तिस्मा कॅथलिक चर्चमध्ये. घरात आईची स्पॅनिश, शाळेत इंग्रजी. बापानं मोडकंतोडकं स्पॅनिश शिकून घेतलं. त्या स्पॅनिशमध्ये कापसाचा भाव बोलता येई, पाण्याच्या पाळीवरून भांडता येई. जालंधर-होशियारपूरकडच्या आपल्या गावाबद्दल, मागं राहिलेल्या आईबद्दल मुलाला सांगण्याइतकी ती भाषा त्याच्या जिभेवर कधी रुळली नाही. आणि तरीही काही बापांनी जमीन मुलांच्या नावावर घेतली, कारण जन्मानं अमेरिकन असलेल्या मुलाला ती धरता येत होती, बापाला नाही. शेत मुलाचं आणि बाप त्यावर राबणारा, अशी उलटी रीत कायद्यानं पाडली.

या मुलांनी बापाला झिडकारलं होतं का? मुळीच नाही. लिओनार्ड यांना भेटलेली मुलं, तोवर म्हातारी होत चाललेली, आपण ‘हिंदू’ असल्याचं अभिमानानं सांगत. त्यांना पंजाबी येत नव्हती, ग्रंथसाहिब वाचता येत नव्हता. बापाच्या हातची कोंबडीची रस्सेदार भाजी आणि रोटी मात्र आठवत होती. घाव वेगळ्याच बाजूनं आला. १९४६ च्या कायद्यानं नागरिकत्व आणि थोड्याफार प्रवेशाची वाट खुली झाली, १९६५ नंतर पंजाबातून नवी कुटुंबं मोठ्या संख्येनं आली आणि कॅलिफोर्नियातल्या युबा सिटीच्या या नव्या पंजाब्यांनी मेक्सिकन आईच्या पोटच्या मुलांना आपलं मानायला नकार दिला. चाळीस वर्षं ज्या माणसांची वाट पाहिली, तीच आली आणि आपल्या मुलाला परकं म्हणाली. बापाच्या दुःखाचा दोष नेहमी मुलाच्या माथी मारणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावं.

फ्रान्समधल्या अल्जीरियन बापांचं दुःख याहून गुंतागुंतीचं, कारण त्यात वसाहतवाद मिसळलेला आहे. अब्देलमालेक सयाद हे कबिलिया प्रांतात जन्मलेले समाजशास्त्रज्ञ. कारखान्यांतल्या आणि कामगार वसतिगृहांतल्या अल्जीरियन माणसांशी ते अनेक वर्षं बोलत राहिले. १९९८ मध्ये ते गेले आणि दुसऱ्या वर्षी पिएर बोर्द्यू यांच्या प्रस्तावनेसह त्यांचा निबंधसंग्रह निघाला. त्यांचं एक निरीक्षण मला फार मोलाचं वाटतं. हा माणूस आपण थोड्या दिवसांसाठी आलो आहोत असं स्वतःला, गावाला आणि मालकाला सांगत राहतो आणि तिघेही त्यावर विश्वास ठेवल्यासारखं वागतात. मुलगा जन्मला की हे सोंग टिकत नाही. मुलगा थोड्या दिवसांसाठी आलेला नसतो. तो कुठूनच आलेला नसतो.

यात कायद्यानं आणखी एक पेच टाकला. अल्जीरिया स्वतंत्र झाला १९६२ मध्ये. त्याआधी तो फ्रान्सचाच भाग मानला जाई. त्यामुळे १ जानेवारी १९६३ नंतर फ्रान्समध्ये जन्मलेलं आणि आईबाप स्वातंत्र्याआधीच्या अल्जीरियात जन्मलेले असं मूल फ्रेंच कायद्याच्या हिशेबी जन्मतःच फ्रेंच ठरलं. अर्ज नाही, संमती नाही. ज्या बापानं स्वातंत्र्यलढ्याला पगारातून वर्गणी दिली, ज्यानं १७ ऑक्टोबर १९६१ च्या रात्री पॅरिसमध्ये पोलिसांनी अल्जीरियन मोर्चेकऱ्यांना मारून सेन नदीत फेकलेलं पाहिलं, त्याच्या हाती एक दिवस मुलाचं फ्रेंच ओळखपत्र आलं. लष्करी सेवा कुठल्या देशात करायची, हे दोन्ही देशांचं नागरिकत्व असलेल्या मुलांना निवडू द्यावं असा करार दोन सरकारांना १९८३ मध्ये करावा लागला, यावरून या पेचाची खोली कळते.

आणि यातलं फारच थोडं या बापांनी मुलांना सांगितलं. त्या ऑक्टोबरच्या रात्रीबद्दल कितीएक घरांत दोन-दोन दशकं कुणी चकार शब्द काढला नाही. भीती होती, अपमान होता, मुलानं शाळेत काही बोलू नये ही काळजी होती. मग १९८३ च्या ऑक्टोबरात या मुलांची पिढी समतेची मागणी करत मार्सेयहून पायी निघाली आणि ३ डिसेंबरला पॅरिसला पोचली तेव्हा त्यांच्याबरोबर सुमारे एक लाख माणसं होती. फ्रेंच नागरिक म्हणून, फ्रेंच भाषेत, फ्रेंच प्रजासत्ताकाकडे त्यांनी हक्क मागितला. बापाच्या नजरेत मुलगा फ्रेंच झाला होता. मला मात्र त्या मोर्चात बापाचाच अडलेला आवाज ऐकू येतो. मुलाला बापाची गोष्ट ठाऊक असती, तर दोघांनाही ते तेव्हाच उमगलं असतं.

इथं कुणी म्हणेल, ही सगळी परधर्मी देशांत गेलेल्यांची उदाहरणं. धर्म वेगळा, रंग वेगळा, मग ताटातूट होणारच. त्याला उत्तर आपल्या कोकणातच आहे. रायगडच्या किनाऱ्यावरचे बेने इस्रायल ज्यू शेकडो वर्षं मराठी बोलत आले. शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवतात म्हणून गावानं त्यांना शनिवार तेली म्हटलं. पेणकर, किहीमकर अशी गावांवरून आडनावं. पुढे मुंबईत रेल्वे, गिरण्या, सरकारी कचेऱ्या इथं नोकऱ्या. बायबलमधल्या कथांवर त्यांनी मराठी कीर्तनं रचली, १८८० पासून ती होऊ लागली. १९४८ नंतर ही माणसं इस्रायलला गेली ती परमुलखात जायचं म्हणून नव्हे, तर हजारो वर्षांनी घरी जायचं म्हणून. धर्म तोच, देव तोच, प्रार्थना त्याच. मुलानं तिथलं होणं हेच तर बापाचं स्वप्न होतं.

तरीही दुःख आलंच. बेरशेबा, दिमोना, अश्दोद, लोद, रामला अशा वसत्यांत मुंबईच्या कारकुनाला मजुराचं काम करावं लागलं. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीलाच काही कुटुंबांनी आम्हाला भारतात परत पाठवा म्हणून धरणं धरलं आणि त्यांतली काही खरोखर परत आली. १९६० च्या दशकाच्या आरंभी तिथल्या मुख्य धर्मपीठानं लग्नाआधी त्यांच्या वंशाची चौकशी करण्याचा दंडक घातला. मोठं आंदोलन झालं आणि १९६४ मध्ये त्यांना पूर्ण मान्यता मिळाली. कोकणात ज्याला ज्यू म्हणून कुणी आडकाठी केली नव्हती, त्याला ज्यूंच्या देशात आपण ज्यू आहोत हे सिद्ध करावं लागलं. मुलगा मात्र शाळेत आणि सैन्यात हिब्रू शिकून झपाट्यानं पुढे गेला. कचेरीतला फॉर्म मुलानं भरायचा, डॉक्टरला दुखणं मुलानं सांगायचं. घरातलं कर्तेपण कुणी कुणाकडून हिसकावून घेतलं नाही, ते एकेका कागदाबरोबर सरकत गेलं.

हे उदाहरण मला निर्णायक वाटतं. इथं मुलानं परका धर्म घेतला नाही, परका देव घेतला नाही. बापानं ज्यासाठी देश सोडला तेच त्यानं केलं. तरी बाप एकटा पडला. म्हणजे दुःखाचं मूळ मुलाच्या ‘दुसऱ्या संस्कृतीत’ नाही. ते बापाचा मान आणि बापाची भाषा एकाच वेळी निरुपयोगी ठरण्यात आहे. इस्रायलमधल्या या समाजानं ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक चालवलं, पैगंबर एलियाहूच्या नावानं होणारा मलिद्याचा विधी आजही जपला. ही गोष्ट कौतुकाची आहेच. महाराष्ट्रातल्या मराठी वाचकांनी त्यांची जेवढी विचारपूस करायला हवी होती, तेवढी आपण केली नाही, हेही इथंच नोंदवतो.

ब्रिटनकडे वळताना ओम पुरी यांची आठवण येते. मराठी प्रेक्षकांना ते ‘अर्धसत्य’मधले अनंत वेलणकर म्हणून माहीत आहेत, बापाच्या हट्टापायी पोलिसात गेलेला आणि आतून करपलेला मुलगा. या अभिनेत्यानं पुढे दोन वर्षांच्या अंतरानं दोन स्थलांतरित बाप उभे केले आणि ते एकमेकांचे अगदी उलटे आहेत. ‘ईस्ट इज ईस्ट’ (१९९९) हा चित्रपट अयुब खान-दीन यांच्या नाटकावरचा. सालफर्ड, साल १९७१. जॉर्ज खान मासे-बटाट्याच्या तळणाचं दुकान चालवतो, बायको इंग्रज, मुलं सात. तिकडे पाकिस्तानचे दोन तुकडे होत आहेत आणि इकडे घरातली मुलं बापाची नजर चुकवून सॉसेज खातात, चर्चच्या मिरवणुकीत सामील होतात. थोरला मुलगा लग्नाच्या मंडपातून पळून जातो. जॉर्ज मुलांना मुसलमान म्हणून वाढवू पाहतो, पण त्यानं स्वतः इंग्रज बाईशी लग्न का केलं, इथं तो कशाच्या आशेनं आला, हे मुलांना कधी कळत नाही. शब्द संपतात तिथं तो हात उगारतो, बायकोवर आणि मुलावर.

त्याआधीचा ‘माय सन द फनॅटिक’ (१९९७) हनीफ कुरेशी यांच्या १९९४ च्या कथेवर आधारलेला. यातला परवेझ टॅक्सी चालवतो, दारू पितो, जुना जॅझ ऐकतो आणि मुलगा इंग्रजांसारखा शिकतोय यावर खूश असतो. एक दिवस मुलगा गिटार, कपडे, सगळं एकेक करून काढून टाकू लागतो. बापाला आधी अमली पदार्थांचा संशय येतो. खरं कारण कळतं तेव्हा तो हादरतो: मुलगा नमाज पढायला लागलाय, कडव्या गटात गेलाय आणि बापाच्या आयुष्याला पापाचं आयुष्य म्हणतोय. ब्रॅडफर्डमध्ये १९८९ साली धर्मनिंदेच्या आरोपावरून एक पुस्तक जाळलं गेलं, त्यानंतरच्या हवेतली ही गोष्ट आहे. कुरेशींच्या कथेतला हा बापही शेवटी मुलाला मारतो.

एका बापाचा मुलगा फार इंग्रज झाला, दुसऱ्याचा पुरेसा इंग्रज राहिला नाही. एकाला धर्म सुटल्याचं दुःख, दुसऱ्याला धर्म परत आल्याचं. दोघांच्या दुःखाचा ऐवज मात्र सारखा. संस्कृती टिकली की बाप सुखी, हे सूत्र खरं असतं तर परवेझनं पेढे वाटले असते. या दोन चित्रपटांना शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय या विषयावर कुणी मत देऊ नये, असं मी म्हणेन. रात्रभर टॅक्सी चालवणाऱ्या परवेझला दिवसा मुलगा भेटतच नव्हता. जी पोकळी बापानं न भरता सोडली, ती दुसऱ्या कुणीतरी भरली.

अभ्यासकांनी हे आकड्यांतूनही पाहिलं आहे. अलेहांद्रो पोर्तेस आणि रुबेन रुंबाउत यांनी १९९२ पासून मायामी आणि सॅन दिएगो परिसरातल्या पाच हजारांहून अधिक स्थलांतरित घरांतल्या शाळकरी मुलांचा पुढची अनेक वर्षं मागोवा घेतला. २००१ मध्ये त्याचा ग्रंथ निघाला. मुलं इंग्रजीकडे वळणार, यात त्यांना शंका उरली नाही. फरक पडला तो एका बाबतीत. जिथं मुलं इंग्रजी शिकून पुढे धावली आणि आईबाप मागं राहिले, तिथं मुलं दुभाषी झाली, आईबापांचा शब्द चालेना, घरं उसवली. जिथं मुलांनी इंग्रजीबरोबर घरची भाषाही नीट राखली, तिथं आईबापांशी खटके कमी उडाले आणि मुलंही स्वतःविषयी अधिक समाधानी राहिली. तिसऱ्या पिढीबद्दल इतिहासकार मार्कस ली हॅन्सन यांनी १९३८ मध्येच एक आशा दाखवली होती, की मुलगा जे विसरू पाहतो ते नातू आठवू पाहतो. मॉरिशसमधले मराठी लोक याची साक्ष देतात. एकोणिसाव्या शतकात कोकणातून गेलेल्या मजुरांचे हे वंशज घरात बहुतेक क्रिऑल बोलतात, पण जाखडीशी नातं सांगणारी झाकरी ते आजही गातात-नाचतात आणि गणेश चतुर्थीला तिथं देशभर सुट्टी असते. नातवाचं हे आठवणं हवंच आहे; पण त्यानं त्या पहिल्या बापाचं दुःख हलकं झालेलं नसतं.

आता अमेरिकेतल्या मराठी बापांविषयी. अमेरिकेच्या १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर गेलेले हे बहुतेक डॉक्टर, इंजिनिअर, प्राध्यापक. कायदा त्यांच्या बाजूनं, पगार उत्तम, इंग्रजी अवगत. मुलाला दुभाषी व्हावं लागलं नाही, बापाचा मान कुणी काढून घेतला नाही. पंजाबी शेतकऱ्याच्या किंवा अल्जीरियन कामगाराच्या वाट्याला आलेलं यांतलं काहीच नाही. शिवाय संस्था उभ्या राहिल्या: ठिकठिकाणची महाराष्ट्र मंडळं, १९८१ मध्ये स्थापन झालेलं बृहन्महाराष्ट्र मंडळ, दर दोन वर्षांनी भरणारं अधिवेशन, गणेशोत्सव, मराठी शाळा. एवढं असूनही मुलगा सोळा-सतरा वर्षांचा झाला की तीच हुरहूर, तोच अबोला. का?

मला याचं उत्तर घरातल्या बोलण्यात सापडतं. मराठी शाळेत मुलगा बाराखडी शिकतो, आरती पाठ म्हणतो. घरी मात्र गुण, स्पर्धा, कॉलेजचा प्रवेश, फुटबॉलचा सराव या सगळ्यांवरचं बोलणं इंग्रजीत होतं. मराठी उरते ती पूजेसाठी आणि रागावण्यासाठी. मुलाच्या कानावर जी भाषा फक्त हात जोडताना आणि बोलणी खाताना पडते, त्या भाषेत तो आपलं मन कसं मोकळं करणार? दुसरं असं, की बाप ज्या महाराष्ट्राचा वारसा देतो तो त्यानं निघताना पाहिलेला, १९७५ चा दादर किंवा सदाशिव पेठ. सुट्टीत पुण्याला आलेल्या मुलाला चुलतभाऊ इंग्रजी मालिका पाहताना दिसतो आणि आपल्याकडून जी निष्ठा मागितली जाते ती इथंही कुणी पाळत नाही, हे त्याला कळतं. तो बोलत नाही, पण कळतं.

या घरांचं सर्वांत खरं चित्र मला झुंपा लाहिरी यांच्या ‘द नेमसेक’ (२००३) या बंगाली कुटुंबाच्या कादंबरीत दिसतं. मीरा नायर यांच्या चित्रपटात इरफान खान यांनी साकारलेला अशोक गांगुली कधी ओरडत नाही, मारत नाही. तरुणपणी रेल्वे अपघातातून तो वाचला तो हातातल्या गोगोलच्या पुस्तकाच्या पानांमुळे. म्हणून मुलाचं नाव गोगोल. मुलाच्या चौदाव्या वाढदिवसाला तो गोगोलच्या कथांचं पुस्तक घेऊन खोलीत जातो, अपघाताची गोष्ट सांगणार असतो, पण मुलाचं लक्ष गाण्यांत आहे हे पाहून न सांगताच परततो. अठराव्या वर्षी मुलगा ते नाव कायद्यानं बदलून टाकतो. ज्या नावात बापाचा पुनर्जन्म होता, ते नाव मुलाला फक्त चमत्कारिक वाटत राहतं. गोष्ट सांगितली जाते, पण फार उशिरा. मराठी रंगभूमीनं मागं राहिलेल्या आईबापांचं दुःख जयवंत दळवींच्या ‘संध्याछाया’त १९७३ सालीच मांडलं, पलीकडे गेलेल्या बापाला मात्र तिनं अजून तेवढी जागा दिलेली नाही. हे नाटक कुणीतरी लिहायला हवं.

हा विषय परदेशापुरता ठेवणं मला अप्रामाणिकपणाचं वाटेल. फाळणीनंतर कल्याणजवळच्या छावणीत उतरलेल्या आणि १९४९ मध्ये जिला उल्हासनगर हे नाव मिळालं त्या वसाहतीत वाढलेल्या सिंधी घरांत आजोबांची अरबी वळणाची लिपी नातवाला वाचता येत नाही. मुंबईत उत्तर प्रदेशातून आलेल्या टॅक्सीवाल्याचा मुलगा गोविंदा पथकात थर चढतो, अस्खलित मराठी बोलतो आणि आपण त्याच्या पाठीवर थाप मारतो, मारायलाच हवी. पण त्याच्या घरातही एक बाप आहे, ज्याची भोजपुरी मुलाला परकी वाटू लागली आहे. न्यू जर्सीतल्या मराठी बापासाठी ज्यांचे डोळे भरतात, त्यांनी या बापासाठीही ते भरू द्यावेत. दुःख एकच आहे.

उपाय संस्कृती अधिक कडक शिकवण्यात आहे, असं या साऱ्या आढाव्यातून मला कुठंच दिसलं नाही. जॉर्ज खाननं तेच केलं. हात टेकून गप्प राहण्यातही नाही. अशोक गांगुलीनं ते केलं. म्हणून परदेशातल्या मराठी बापांना माझी विनंती आहे. मुलाला सण सांगायच्या आधी स्वतःविषयी सांगा: पहिली नोकरी कशी नाकारली गेली, विमानतळावर आई काय म्हणाली, परत जायचं कितीदा मनात आलं आणि का नाही गेलात. जमेल तितकं मराठीत, अडेल तिथं इंग्रजीत. आणि तो कानाला लावून काय ऐकतो, ते एकदा त्याच्याशेजारी बसून पूर्ण ऐका. मुलांनो, बाप गप्प असेल तर तुम्ही विचारा. तुमच्या प्रश्नाची त्याला फार वर्षं वाट आहे. महाराष्ट्र मंडळांनी पुढच्या अधिवेशनात एखादं नाटक कमी करून बापलेकांना समोरासमोर बसवावं, त्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित करून जपावं. १९६५ नंतर गेलेली पहिली पिढी आता ऐंशीच्या घरात आहे, तेव्हा हे काम त्याच अधिवेशनापासून सुरू व्हावं.